सात नंबर

पहाटे पाचला हिडकलच्या फुगवट्यावर
कानटोप्यांतून नुसती वाफ बोलत होती.
टेम्पोवरून आम्ही कयाक उतरवली:
नारिंगी, कुशीवर पांढरा सात,
गोव्याच्या कुठल्याशा रिसॉर्टनं भंगारात काढलेली.
मष्णूनं ती फौंड्रीच्या शेवटच्या हिशेबातून घेतली.
घरात निम्मीच किंमत सांगितली,
आणि रुक्मव्वानं त्यातलं निम्मंच खरं मानलं.

बुडाला एक शिंपला चिकटलाय,
खडूच्या टोकाएवढा. आत कोणी नाही.
मी चाकू काढला तर म्हणाला,
"ऱ्हाऊदे की रे.
तेवढाच समुद्र हाय आपल्याकडं."

जानेवारीत माजाळीला जायचं ठरलंय.
तोवर गोड्या पाण्यात सराव.
तो पुढं, मी मागं,
माझे गुडघे त्याच्या पाठीला टेकलेले
आणि दोन्ही वल्ही एकमेकांवर आपटून
अख्ख्या धरणाला आमचं वय सांगत होती.

धुक्यात कडेचा ऊस दिसेना,
गाळपाचा वास तेवढा पाण्यावरून चालत आला.
एक हरगोल गोल फिरत जवळ आलं,
त्यात घोंगड्याचं गाठोडं, गाठोड्यात बसवण्णी.
"एन इदु?"
मष्णू ऐटीत म्हणाला, "कयाक."
"कायक?" म्हातारा हसला.
त्याच्या भाषेत कायक म्हणजे कष्ट,
हातानं केलेलं, देवाला चालणारं काम.
"हौदु," मष्णू म्हणाला, "कायकच.
चाळीस वर्षं केलं, आता त्याच्यात बसूलालोय."
म्हातारा जाता जाता बोलला, नीर आळ ऐती.
पाणी खोल आहे.
हे आम्हाला दोन्ही भाषांत कळलं.

थंडीत मासा तळाशी जातो,
आळशी होतो, कणकेकडं बघतसुद्धा नाही.
म्हणून गांडूळ.
गळ बांधायला मष्णूला वेळ लागतो.
उजव्या हाताची तर्जनी आणि शेजारचं दीड पेर
उद्यमबागेतल्या एका प्रेसखाली राहिलं.
"असलेली बोटं गारठत न्हाईत बघ,
नसलेलीच गारठतात,"
म्हणत त्यानं हात पाण्यात बुडवला
आणि तसाच ठेवला.
मीही बुडवला.
पाणी हवेपेक्षा ऊबदार होतं,
रात्रभर कोणीतरी झोपून नुकतंच उठलेल्या वाकळेसारखं.

दोर जोखायला तर्जनी लागते.
त्याच्याकडं ती नाही, म्हणून तो दोर दातांत धरतो.
तासभर तसाच. गप्प.
चाळीस वर्षांत तो एवढा गप्प
फक्त दवाखान्यात होता.
मी त्याची पाठ बघत होतो:
स्वेटरच्या उसवलेल्या टाक्यावर दव,
आणि दवात, कधीतरी, उजेड.

मग त्याची मान ताठ झाली.
ओढ आधी दाढेला लागली असणार,
दाढेतून कानशिलात, कानशिलातून पाठीत,
आणि पाठीतून माझ्या गुडघ्यांत आली.
बोलता येईना त्याला,
तोंड उघडलं तर मासा जाणार.
नुसतं "हं हं हं",
मी म्हणालो "काय? ओढू? काय म्हणूलालास?"
आणि कयाक अशी डुलली
की थर्मास गेला. पितळी झाकणाचा.
तो अजून तिथंच असेल,
तळाच्या माशांना कोमट चहा.

शिंगटा निघाला. वीतभर.
काटे फुलवून कुरकुरला,
बिघडलेल्या बेअरिंगसारखा.
मष्णूनं कान लावून ऐकला,
जुन्या सवयीनं म्हणाला, "ग्रीस पायजे ह्याला."

यमकनमर्डीला चहावाल्यानं
टेम्पोवरची कयाक बघून विचारलं,
कुठल्या समुद्रावरनं आलासा?
मष्णू बराच वेळ बशीत फुंकर मारत राहिला.
वीतभर मासा पिशवीत अजून कुरकुरत होता.
"जवळच हाय," म्हणाला.

आता ती त्याच्या परसात पालथी आहे.
रुक्मव्वा सातावर मिरच्या वाळत घालते.
शिंपल्यापाशी मात्र
ती वीतभर जागा सोडते.
मी विचारलं नाही.